आधी बळी, मग गुन्हेगार: शिक्षा ठरवताना बालपण किती मोजायचं?

अर्धविराम (धागाकर्ता)

डॉमिनिक ऑंग्वेनचं प्रकरण समोर ठेवतो. १९८७ मध्ये, साधारण नऊ वर्षांचा असताना, उत्तर युगांडात शाळेच्या वाटेवरून लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीने त्याला पळवून नेलं. तो त्याच टोळीत वाढला आणि पुढे तिच्या सिनिया ब्रिगेडचा कमांडर झाला. २००२ ते २००५ मधल्या कृत्यांसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला ७० पैकी ६१ आरोपांत दोषी ठरवलं. विस्थापितांच्या छावण्यांवरचे हल्ले, खून, छळ, लैंगिक गुलामी, सक्तीची लग्नं, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांची टोळीत भरती. शेवटचा आरोप पुन्हा वाचा.

"दबावाखाली केलं" आणि "मानसिक आजार होता" हे बचावाचे दोन्ही मुद्दे कोर्टाने फेटाळले. म्हणजे दोष पूर्ण. पण मे २०२१ मध्ये शिक्षा सुनावताना त्याचं अपहरण आणि त्यानंतरचं बालपण जमेला धरलं आणि जन्मठेपेऐवजी २५ वर्षं दिली. तीनपैकी एका न्यायाधीशाचं मत ३० वर्षांचं होतं.

मला हा निकाल योग्य वाटतो. माझं म्हणणं याच्याही एक पाऊल पुढे आहे: आरोपी स्वतः लहानपणी बळी होता हे सिद्ध झालं, तर शिक्षा कमी होणं हा नियम असावा, न्यायाधीशाच्या मर्जीवर नको. विरोध जरूर करा, फक्त "गुन्हेगारांचा पुळका" हे सोडून काहीतरी बोला.

परखडराव

पुळका म्हणत नाही, हिशेब विचारतो. १९८७ साली नऊ वर्षांचा मुलगा आरोपांच्या काळात २४ ते २७ वर्षांचा होता. हाताखाली माणसं होती, बढत्या मिळत होत्या. दबावाचा मुद्दा फेटाळताना कोर्टानेच म्हटलंय की टोळी सोडून पळणं शक्य होतं आणि याने तो मार्ग धरला नाही. त्याच टोळीने पळवलेली हजारो मुलं होती. त्यांतली कितीतरी जिवावर उदार होऊन पळाली.

पजुले, ओडेक, लुकोडी, अबोक या चार छावण्यांवरच्या हल्ल्यांसाठी तो दोषी ठरला. तिथे मेलेल्यांत मुलंही होती. जन्मठेपेवरून २५ वर आणण्याची सवलत त्यांच्या खात्यातून वळती झाली. त्यांचं बालपण कुणी आणि कुठल्या टप्प्यावर मोजलं?

आणि "नियम" करायचा म्हणता? नियम झाला की प्रत्येक वकील पहिल्याच दिवशी आरोपीला बालपण विचारेल आणि उत्तर कसं द्यायचं तेही सुचवेल.

नमुनादोष

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय: अत्याचार झालेलं मूल पुढे अत्याचार करतं. आधी ते तपासू.

तुरुंगात जाऊन कैद्यांना बालपण विचारलं तर मार खाल्लेले, टाकून दिलेले पुष्कळ सापडतात. पण हे मागे वळून मोजणं झालं. अत्याचार नोंदवलेली मुलं आधी निवडायची आणि मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहायचं, हे पुढच्या दिशेने मोजणं. तिथे चित्र बरंच फिकं पडतं.

कॅथी स्पॅट्झ विडम यांचा १९८९ चा अभ्यास घ्या. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात १९६७ ते १९७१ दरम्यान कोर्टात शाबीत झालेल्या अत्याचार वा हेळसांडीच्या प्रकरणांतली ९०८ मुलं, घटनेच्या वेळी अकरा वर्षांखालची. जोडीला वय, लिंग, वंश, आर्थिक स्थिती जुळवून घेतलेली ६६७ मुलं. अल्पवयीन असतानाचे गुन्हे २६ टक्के विरुद्ध १७. प्रौढपणी २९ विरुद्ध २१. हिंसक गुन्हे ११ विरुद्ध ८. फरक आहेच. पण शंभरातले ८९ हिंसक गुन्ह्याच्या नोंदीत आले नाहीत, आणि दुसऱ्या गटातले आठ असली काही नोंद मागे नसताना आले.

लैंगिक गुन्ह्यांबद्दल लॅन्सेटमध्ये २००३ साली आलेला साल्टर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास: लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले २२४ पुरुष, ७ ते १९ वर्षं पाठपुरावा, पुढे लैंगिक गुन्हा केलेले २६. म्हणजे सुमारे १२ टक्के. त्या २६ जणांच्या बालपणात ज्या गोष्टी जास्त दिसल्या त्या कामाच्या आहेत: घरात हेळसांड, लक्ष ठेवणारं कुणी नसणं, घरातली गंभीर मारहाण डोळ्यांदेखत होणं, आणि अत्याचार करणारी व्यक्ती स्त्री असणं. म्हणजे एकट्या घटनेपेक्षा तिच्या भोवतालचं घर जास्त सांगून जातं.

यातही एक खोट आहे. दोन्ही अभ्यास अधिकृत नोंदींवर उभे आहेत, आणि जे कुटुंब आधीच यंत्रणेच्या नजरेत आहे त्यातला पोरगा पोलिसांच्या कागदावर लवकर येतो. तेव्हा ११ विरुद्ध ८ मधला थोडा फरक वागण्याचा असेल, थोडा पाळतीचा.

मेघमाळ

आणि मुली? बळींमध्ये मुलींची संख्या मोठी. "बळीच पुढे शिकारी होतो" हे खरं असतं तर लैंगिक गुन्हेगारांत बायका ढीगभर दिसायला हव्या होत्या. ग्लासर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका विशेष मानसोपचार केंद्रातल्या ८४३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ७४७ पुरुषांत अत्याचार करणाऱ्यांपैकी ३५ टक्के स्वतः बळी होते, न करणाऱ्यांत ११ टक्के. ९६ स्त्रियांपैकी ४३ टक्के बळी होत्या आणि अत्याचार करणारी फक्त एक.

हे चक्र म्हणे. निम्मी मानवजात त्यात बसत नाही.

परखडराव

झालं तर मग. २२४ पैकी १९८ जणांनी तसं काही केल्याची नोंद नाही. त्यांनाही तेच भोगावं लागलं होतं. ज्यांनी तेच सोसूनही कुणाला हात लावला नाही त्यांच्यासमोर उभं राहून उरलेल्या २६ जणांना "तुमची चूक थोडी कमी" म्हणायचं? हा त्या १९८ जणांचा अपमान आहे. शिवाय समाजाने त्यांच्याकडे संशयाने पाहायची सोय होते ती वेगळीच. लहानपणी अत्याचार झालेला माणूस लग्न ठरताना, नोकरीत, मुलांजवळ जाताना गप्प राहतो याचं एक कारण हे तुमचं "चक्र" आहे.

जनुकवेडी

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आधीच्या युक्तिवादाला मात्र भोक आहे. "बाकीच्यांनी केलं नाही, म्हणजे यालाही न करणं तितकंच सोपं होतं" असं तुम्ही गृहीत धरताय. दोन मुलांवर सारखाच आघात झाला तरी आघात झेलणारी मुलं सारखी नसतात.

याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ पुरावा जुळ्यांचा आहे. जॅफी आणि सहकारी, २००५, ब्रिटनमधल्या १,११६ जुळ्या जोड्या. जुळं भावंड एकसारखं की वेगळं, आणि त्या भावंडाला वर्तनविकार आहे की नाही, यावरून प्रत्येक मुलाची आनुवंशिक जोखीम ठरवली. मग छळ झालेली आणि न झालेली मुलं ताडून पाहिली. कमी जोखमीच्या मुलांत छळामुळे वर्तनविकाराची शक्यता २ टक्क्यांनी वाढली, जास्त जोखमीच्या मुलांत २४ टक्क्यांनी. मार तोच, परिणाम बारापट.

आता "निसर्ग की संगोपन" या जुन्या भांडणाबद्दल. ऱ्ही आणि वॉल्डमन यांनी २००२ मध्ये जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे ५१ अभ्यास एकत्र केले. समाजविघातक वागण्यातल्या फरकांचा ४१ टक्के भाग जनुकांकडे गेला, १६ टक्के भावंडांना सामाईक असलेल्या वातावरणाकडे आणि ४३ टक्के ज्याच्या-त्याच्या वेगळ्या अनुभवांकडे. लोक १६ चा आकडा पाहून म्हणतात, "बघा, घराचा काही संबंध नाही." चूक. बाप एकाच पोराला बडवत असेल तर तो मार "वेगळा अनुभव" या रकान्यात जातो. मोजमापातल्या चुकाही त्याच रकान्यात जातात. आणि हे आकडे लोकसंख्येतल्या फरकांबद्दल आहेत. अमुक माणसाचा गुन्हा ४१ टक्के जनुकांनी केला, असं वाक्य होऊच शकत नाही.

अजून एक गुंता. मारणारा बाप मुलाला दोन गोष्टी देतो: मार आणि स्वतःची जनुकं. घरात वाढलेल्या मुलांचा साधा अभ्यास या दोन गोष्टी सुट्या करू शकत नाही. विडम यांचाही करू शकत नाही. म्हणून दत्तक मुलं पाहतात. मेडनिक, १९८४, डेन्मार्क, १४,४२७ दत्तक प्रकरणं. मुलग्यांत शिक्षा झालेल्यांचं प्रमाण: जन्मदाते आणि पालक दोन्ही निष्कलंक तर १३.५ टक्के, फक्त दत्तक पालक गुन्हेगार तर १४.७, फक्त जन्मदाते गुन्हेगार तर २०, दोन्हीकडे गुन्हा तर २४.५. गंमत अशी की हा आनुवंशिक धागा मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही.

अर्धविराम

म्हणजे एमएओए जनुकाचं (मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक) ते प्रसिद्ध संशोधनही इथे लागू होतं का? बातम्यांत त्याला "योद्धा जनुक" म्हणतात. तसं असेल तर माझी बाजू पक्कीच होते. जनुकं निवडली नाहीत, बापही निवडला नाही, मग उरलं काय?

नमुनादोष

त्या जनुकावर बाजू उभारू नका, पडेल.

कॅस्पी आणि सहकारी, २००२, न्यूझीलंडमधल्या डुनेडिनचे १९७२-७३ मध्ये जन्मलेले ४४२ पुरुष. एमएओएचा कमी सक्रिय प्रकार आणि बालपणी छळ, असे दोन्ही असलेले १२ टक्के होते आणि हिंसक गुन्ह्यांच्या एकूण शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. "कमी सक्रिय जनुक असलेल्या, तीव्र छळ झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांत समाजविघातक वागणूक" ही ओळ सगळीकडे फिरते. तो रकाना उघडून पाहा: त्यात माणसं होती तेरा. तेरापैकी अकरा. दोन जण इकडचे तिकडे झाले की टक्केवारी कोसळते.

नंतर झालं असं की बर्ड आणि मॅनक यांनी २०१४ मध्ये २७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा पुरुषांत हा संबंध टिकला, पण माफक. आणि युरोपीय वंशाच्या साधारण तीनातल्या एका पुरुषात हा कमी सक्रिय प्रकार असतो. तीनातला एक योद्धा असेल तर शब्दाला अर्थ काय राहिला? १९९३ मध्ये ब्रूनर यांनी वर्णन केलेलं डच कुटुंब वेगळं. तिथे उत्परिवर्तनामुळे ते एन्झाइम जवळजवळ बंदच होतं. ती अतिदुर्मिळ स्थिती. दोन्हींची खिचडी करून बातम्या शिजतात.

परखडराव

"मग उरलं काय" याचं उत्तर माझ्याकडे आहे, अर्धविराम. जनुकं निवडली नाहीत, बाप निवडला नाही, म्हणून दोष नाही असं धरलं तर दोष कुणाचाच नाही. त्या बापाचाही नाही, कारण त्याचाही बाप होता. छावणी जाळणाऱ्याचा नाही आणि तेरा पिढ्या मागे जाऊन कुणाचाच नाही. मग शिक्षेचं एकच कारण उरतं, धोका. आणि मार खाऊन, वाईट जनुकं घेऊन वाढलेला माणूस तुमच्याच आकड्यांनुसार जास्त धोकादायक. त्याला जास्त काळ आत ठेवा, हा तुमच्या दयेचा निष्कर्ष. मी निदान त्याला माणूस समजतो, केलेल्याचा जाब विचारतो आणि हिशेब पुरा झाला की सोडायला तयार आहे.

वकीलपत्र

परखडरावांनी बरोबर नस पकडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेन्री प्रकरणात १९८९ मध्ये हेच म्हटलं: बालपणीचा छळ आणि मतिमंदत्व हा दुधारी पुरावा आहे. दोष कमी करतो, आणि त्याच दमात भावी धोका वाढवल्यासारखा दिसतो. टेक्सासमध्ये ज्युरीला थेट प्रश्न असायचा, हा पुढे धोकादायक ठरेल का? तिथे बालपण सांगणं म्हणजे फिर्यादीला हत्यार देणं.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. टेनेसीत २००९ मध्ये ब्रॅडली वॉल्ड्रूपच्या खटल्यात सरकार पक्ष मृत्युदंड मागत होता. बचावाने एमएओए अधिक बालपणीचा छळ असा तज्ज्ञ पुरावा दिला. ज्युरीने खुनाऐवजी कमी दर्जाच्या मनुष्यवधाचा निर्णय दिला, एकूण ३२ वर्षं. त्याच वर्षी इटलीत ट्रिएस्टच्या अपील कोर्टाने बायूत नावाच्या आरोपीची शिक्षा जनुकीय अहवालानंतर एका वर्षाने कमी केली. उलट जॉर्जियात स्टीफन मोब्लीच्या वकिलांना नव्वदच्या दशकात ती चाचणी करायचीच परवानगी मिळाली नाही, आणि २००५ मध्ये त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. २०१२ मध्ये १८१ अमेरिकी न्यायाधीशांना एकच काल्पनिक खटला दिला. मनोविकृतीचं जैविक कारण सांगितलं तर सरासरी १२.८३ वर्षं, न सांगितलं तर १३.९३. विज्ञानाच्या नावाने एवढा गाजावाजा, हाती पडतं साधारण एक वर्ष.

भारतात रचना आहे, वापर तोकडा आहे. दोष ठरल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी हवी, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. बचन सिंग निकालाने (१९८०) गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहायला सांगितली. मे २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांसाठी यादीच दिली: वय, सुरुवातीचं कौटुंबिक वातावरण, हिंसा किंवा हेळसांडीचा इतिहास, शिक्षण, मिळकत, मानसिक आजार, तुरुंगातलं वर्तन. ही माहिती कनिष्ठ कोर्टातच गोळा व्हावी असंही सांगितलं, कारण अपिलापर्यंत साक्षीदार मेलेले असतात आणि कागद वाळवीने खाल्लेले.

आता "वकील उत्तर सुचवेल" या भीतीबद्दल. आरोपीच्या बालपणाचा चांगला अहवाल त्याच्या शब्दावर उभा नसतोच. समोरासमोर अनेक भेटी, एकट्याने, तुरुंगाच्या माणसाच्या कानाआड. पहिल्या दोन भेटींत बालपण बहुधा निघतच नाही, निघालं तर "सगळं ठीक होतं" एवढंच. मग तीन पिढ्यांचा इतिहास, भावंडांशी स्वतंत्र बोलणं, शाळेची हजेरी, दवाखान्याचे केसपेपर. एका हजेरीपटात जुलै ते सप्टेंबर सलग गैरहजेरी, आणि त्याच जुलैच्या केसपेपरवर "जिन्यावरून पडला", डावा हात मोडलेला, क्ष-किरणात जुनं, आधीच जुळून आलेलं दुसरं हाड. असे दोन कागद शेजारी ठेवले की वीस पानी वर्णनापेक्षा जास्त काम होतं.

बिघडतं कुठे? अहवाल दोषसिद्धीनंतर घाईघाईत लिहिला जातो. मुख्य साक्षीदार म्हणून आईला उभं करतात आणि तीच मारहाण झाकत आलेली असते. "अत्यंत क्लेशदायक बालपण" असे शब्द असतात, तारीख एकही नसते. आणि तज्ज्ञ "म्हणूनच त्याने खून केला" असं लिहून बसतो, जे कुणालाच सिद्ध करता येत नाही. फिर्यादीचा एक प्रश्न ठरलेला: "याचा भाऊ त्याच घरात वाढला, तो काय करतो?" परखडरावांच्या १९८ जणांचाच प्रश्न. त्याचं उत्तर आधी शोधलेलं असावं लागतं. भाऊ चार वर्षांचा असताना मावशीकडे गेला का? त्याला एखादा शिक्षक मिळाला का? की भाऊही व्यसनात बुडालाय, फक्त पोलिसांच्या कागदावर नाही?

परखडराव

कागदांची गोष्ट मान्य. पण बहुतेक ठिकाणी कागद नसतात, आरोपीचा शब्द असतो. हिंडमन आणि पीटर्स यांचं काम वाचा. लैंगिक गुन्हेगारांना नुसतं विचारलं तर ६७ टक्के म्हणाले, आम्हीही लहानपणी बळी होतो. पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र) लावणार असं सांगितलेल्या गटात तेच २९ टक्क्यांवर आलं. निम्म्याहून जास्त हवा.

नमुनादोष

पॉलिग्राफ खोटं पकडतो याचा पुरावाच कच्चा आहे. त्यातून एवढंच दिसतं की भीती घातली की लोक कमी दावे करतात. खरे बळीही गप्प बसले असतील.

दुसऱ्या बाजूचीही चूक मोजलेली आहे. लिंडा विल्यम्स, १९९४: लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सतरा वर्षांनी गाठून सविस्तर मुलाखती घेतल्या. ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितलीच नाही. म्हणजे नुसतं विचारून मिळणारं उत्तर दोन्हीकडे चुकतं. काही न घडलेलं सांगतात, काही घडलेलं सांगत नाहीत. शिक्षेवर परिणाम होणार असेल तर पहिल्या प्रकाराला मोह, आणि पुरुषांच्या तुरुंगात सगळ्यांदेखत विचारलं तर दुसऱ्या प्रकाराला कारण.

अर्धविराम

ठीक, म्हणजे माझ्या नियमात "सिद्ध झालं तर" हे शब्द जाड ठशात. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार १ जुलै २००२ पासूनच्या गुन्ह्यांवर चालतो. ऑंग्वेनचं १९८७ मधलं अपहरण तिथे कधीच खटला म्हणून उभं राहू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नुकसानभरपाईचा आदेश झाला, सुमारे ५ कोटी २४ लाख युरो, जवळपास ५० हजार पीडितांसाठी, प्रत्येकी ७५० युरोची प्रतीकात्मक रक्कम धरून. त्या यादीत त्याच्या ब्रिगेडमध्ये भरती केलेले बालसैनिकही आहेत. २००३ मध्ये पळवलेला मुलगा पीडित, १९८७ मध्ये पळवलेला मुलगा फक्त आरोपी. शिक्षा ठरवण्याचा टप्पा सोडला तर त्या मुलाबद्दल बोलायला कोर्टात दुसरी जागाच नव्हती.

परखडराव

बोलायला जागा द्या की. निकालपत्रात पन्नास पानं लिहा. पण बोलणं वेगळं आणि वर्षं कापणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालताय.

आणि वर्षं कापण्यात एवढी शक्ती घालवण्यापेक्षा पोरं मार खाणार नाहीत याकडे बघा. तिथे सहानुभूती खर्च केली तर माझा एक पैचा विरोध नाही.

मेघमाळ

तिथलाही पुरावा ऐका, कारण लोक तो फुगवून सांगतात. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ४०० गरोदर बायकांवर केलेला प्रयोग. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. एका गटाकडे परिचारिका घरी जायची, गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत २३ वेळा. आहार, सिगारेट, बाळ रडलं तर काय करायचं, पुढचं मूल कधी, नोकरी कशी शोधायची. पंधरा वर्षांनी पाहिलं तर छळ-हेळसांडीच्या नोंदी कमी, आणि गरीब, अविवाहित आयांच्या मुलांच्या अटकाही कमी. एकोणीस वर्षांनी पुन्हा पाहिलं तर मुलींमध्ये परिणाम टिकला होता, मुलग्यांमध्ये जवळजवळ विरला होता. उपयोग आहे, पण रामबाण नाही. आणि भेटी बत्तीसवरून दहावर आणून, परिचारिकेऐवजी कुणालाही पाठवून "तोच कार्यक्रम" चालवला की तोही परिणाम मिळत नाही.

गटकाम

उपचाराच्या बाजूने दोन गोष्टी, कारण धागाभर "बालपण वाईट म्हणजे धोका जास्त" हे कुणी खोडलं नाही.

गुन्ह्याकडे पहिल्यांदा वळणं आणि गुन्हा पुन्हा करणं यांची कारणं सारखी नसतात. हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास आणि जवळपास २९ हजार लैंगिक गुन्हेगारांची माहिती एकत्र केली. लहानपणी स्वतःवर लैंगिक अत्याचार झालेला असणं, यावरून पुन्हा गुन्हा करण्याचा अंदाज बांधता येत नव्हता. अंदाज बांधता येत होता तो आधीच्या गुन्ह्यांवरून, वयावरून, विकृत लैंगिक आकर्षणावरून, बळी अनोळखी होता का यावरून. म्हणूनच लैंगिक गुन्हा पुन्हा होण्याचा धोका मोजणाऱ्या स्टॅटिक-९९आर या मापनसाधनाच्या दहा कलमांत बालपणीच्या अत्याचाराचं कलमच नाही. हिंसेसाठी वापरतात त्या एचसीआर-२०च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र वीसपैकी एक कलम आघाताच्या अनुभवांचं आहे. एकाच माणसाचं बालपण एका फॉर्ममध्ये मोजलं जातं, दुसऱ्यात नाही. तेव्हा "जास्त काळ आत ठेवा" हा परखडरावांचा निष्कर्ष निदान लैंगिक गुन्ह्यांत लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. ज्याला रात्री दचकून जाग येते, आवाजाने अंग ताठतं, तो उपचाराच्या गटात बसूच शकत नाही. आधी झोप आणि घबराट आटोक्यात आणायची. मग गुन्ह्याची साखळी: त्या दिवशीची परिस्थिती, डोक्यात काय चाललं होतं, आधीची पाच मिनिटं, कृती, नंतरचं झाकणं. माणसाचा स्वतःचा बळी जाण्याचा इतिहास त्यानंतर. यावर मतभेद आहेत, अनेक कार्यक्रम आत्मचरित्राने सुरुवात करतात. माझा आक्षेप असा की पहिल्याच आठवड्यात आठ जणांनी आपापलं दुःख मांडलं की गटाचा सूर ठरून जातो, आणि नंतर गुन्ह्याबद्दल खोदून विचारणं हे निर्दयपणाचं वाटू लागतं. गटच एकमेकांना वाचवतो. पण तो इतिहास कधीच काढला नाही तरी पंचाईत, कारण साखळीत "त्या पाच मिनिटांत" जे घडतं त्याची मुळं तिथे असतात. अपमान झाला की दुसरी वाट न सुचणं हे बऱ्याचदा तेव्हाच शिकलेलं असतं.

आणि हे कामाचं: शिक्षेच्या सुनावणीसाठी वकीलपत्र म्हणतात तसा अहवाल इतक्या कष्टाने होतो आणि खटल्याच्या फायलीत बंद होतो. उपचार करणारा पुन्हा शून्यापासून विचारत बसतो. तो तुरुंगातल्या उपचार विभागाकडे गेला पाहिजे.

वकीलपत्र

सरसकट नको. आईने, बहिणीने जे सांगितलं ते शिक्षा कमी व्हावी म्हणून सांगितलं. तेच कागद दहा वर्षांनी सुटकेच्या समितीपुढे एचसीआरच्या आघाताच्या कलमात गुण भरायला वापरले गेले तर पुढच्या खटल्यात कुठलीही बहीण तोंड उघडणार नाही. द्यायचा असेल तर आरोपीच्या लेखी संमतीने, फक्त उपचारासाठी, जोखीम मोजणाऱ्या माणसाला वगळून.

परखडराव

आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला? "या माणसाचं बालपण पाहून वर्षं कमी केली" असं त्याला निकालात वाचायला मिळतं, आधार मात्र सीलबंद. त्याला तो अहवाल वाचायला मिळणार का, त्यातल्या खोट्याला उत्तर देता येणार का? वर्षं कापायला वापरलेला कागद त्याच्यापासून लपवता येणार नाही.

वकीलपत्र

सारांश मिळावा, मूळ मुलाखती नाही. सारांशात प्रत्येक विधानापुढे आधार लिहिलेला असावा: हजेरीपट, केसपेपर, की नुसतं आरोपीचं म्हणणं. तिसऱ्या प्रकारच्या विधानावर एक दिवससुद्धा कमी करू नये, आणि पहिल्या दोन प्रकारच्या विधानांना पीडिताने आव्हान दिलं तर कागद कोर्टात दाखवावा.

परखडराव

"एक दिवससुद्धा नाही" हे न्यायाधीशावर बंधनकारक केलंत तर बोलू पुढे. अर्धविराम, तुमच्या नियमात हे बसतं का?

अर्धविराम

बसतं, पण मग ज्याच्या गावात शाळाच नव्हती आणि दवाखाना तीस किलोमीटरवर होता, त्याचं बालपण कुठल्या कागदावर शोधायचं ते सांगा. सर्वांत जास्त भोगलेल्यांकडेच सर्वांत कमी कागद असतात. नुसत्या म्हणण्यावर नको म्हणता, तर शेजारी, गावातले म्हातारे, दूरचे नातेवाईक अशा तीन स्वतंत्र साक्षी जुळल्या तर ते दुसऱ्या प्रकारात धरा.

वकीलपत्र

तीन साक्षी चालतील, वेगवेगळ्या दिवशी आणि एकमेकांच्या गैरहजेरीत घेतल्या असतील तर. त्यातला एकजण तरी आरोपीच्या कुटुंबाशी पटत नसलेला हवा.